आत्याची औटकी

साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात, हे माझ्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते आत्यामुळे. आत्या बडोद्यातल्या एका मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी मुलींकडून पावकी, निमकी, दिडकी, औटकी असं सगळं रोज घोकून घेतलं होतं. चौथीनंतर शाळा सुटली, पाढे सुटले नाहीत. तूर निवडताना, ओटा पुसताना ते तिच्या तोंडून आपोआप येत. एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा, चोक औट चौदा. मी गुजराती माध्यमाची, आमच्या शाळेत असलं काही नव्हतं. तरी दहावीला मी गणितात पास झाले ती तिच्यामुळे. ती पोळ्या लाटायची आणि मी समोर बसून म्हणायची. अडखळले की ती म्हणायची, "पुढं?" चुकले की लाटणं पोळपाटावर एकदा आपटायची. ओरडायची नाही.

आई मी चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच आहे. ती एका प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होती. बाबा नववी नापास, मकरपुऱ्याला एका कारखान्यात लेथवर. कॉलेजात गेलेली घरात मी पहिली. हे आधी सांगते, कारण मी जे केलं ते कुणाशी केलं हे कळायला हवं.

आम्ही ख्रिस्ती. पणजोबा नगरकडून इथं आले. बाबा अजून त्यांच्याच जुन्या चर्चला जातात. तिथं उपासना गुजरातीत होते, महिन्यातून एकदा मराठीत, आणि बाबा शेवटच्या बाकावर बसतात. आत्याने ते चर्च दहा वर्षांपूर्वी सोडलं आणि मांजलपूरच्या एका छोट्या मंडळीत जायला लागली. खाली टाइल्सचं दुकान, वर हॉल, सतरंज्या, एक ढोलक. तिथं लोक अन्य भाषांत प्रार्थना करतात. म्हणजे प्रार्थना करता करता त्यांच्या तोंडून असे शब्द येतात की जे कुठल्याच माहीत असलेल्या भाषेतले नसतात. ते पवित्र आत्मा देतो, असं ते मानतात. बाबांच्या चर्चमध्ये सांगतात की ते दान प्रेषितांच्या काळापुरतं होतं, आता नाही. यावरून आमच्या घरात दर रविवारी जुंपायची.

"ती सर्व्हिस बंद झाली, आक्का," बाबा म्हणायचे. "प्रेषित गेले, तेव्हाच डेपोला कुलूप लागलं."

"तुला कुणी सांगितलं? शेवटच्या बाकानं?"

"अगं, लहानपणापासून ऐकतोय मी."

"ऐकतोस कुठं? झोपतोस. आमचे पास्टर विचारतात, बंद झाल्याची तारीख शास्त्रात कुठं लिहिली आहे ते दाखवा. दाखव."

बाबांना तारीख दाखवता यायची नाही. मग ते भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे. मी दोघांच्याही बोलण्यावर हसायची. मला तेव्हा तो वाद घरातला एक खेळ वाटायचा.

आत्यासाठी तो खेळ नव्हता, कारण नऊ वर्षं जाऊनही तिला ते दान मिळालं नव्हतं. मी तिला ॲक्टिव्हावर मांजलपूरला घेऊन जायची. हॉलमध्ये सगळे डोळे मिटून आपापल्या त्या भाषेत बोलू लागले की ती नुसती टाळ्या वाजवायची. "माझं अजून आलं नाही," असं म्हणायची. पोस्टातून यायचं राहिलंय, अशा सुरात. एकदा माझ्याच वयाच्या एका मुलीला दुसऱ्याच महिन्यात ते मिळालं. तिने आत्याचा हात धरून म्हटलं, "मासी, तमने पण मळशे." तुम्हालाही मिळेल. परत येताना आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "काल आलेली पोर मला धीर देते."

मला ते हवं होतं का, हे मला नीट सांगता येत नाही. मी डोळे मिटायची, ओठ हलवायची, आणि कुणी आपल्याकडे बघत तर नाही ना असं वाटत राहायचं.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी उपासाची प्रार्थना होती. पास्टर आत्याजवळ आले आणि म्हणाले, "मासी, मगज खाली करो. जे आवे ते बोलो, अटकता नहीं." डोकं रिकामं करा, येईल ते बोला, थांबू नका. मी चार रांगा मागे होते. ढोलक वाजत होतं, पंखे घरघरत होते. तेवढ्यात आत्याचा आवाज वर आला. तो एवढा उंच मी कधी ऐकला नव्हता. शब्द कळत नव्हते, पण ते थांबतही नव्हते. आजूबाजूचे लोक रडायला लागले. मीही रडले.

परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबलो तेव्हा तिने हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली.

"आलं गं."

"काय आलं?"

"आलं."

मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मी गाडी काढली नव्हती.

घरी तिने शिरा केला. बाबांनी विचारलं, "आज काय?" ती म्हणाली, "काही नाही. खा." पण बाबांना कळलं असावं, कारण त्या रविवारी त्यांनी डेपोचा विषय काढला नाही.

नंतरचे पाच-सहा महिने आत्या वेगळीच होती. सकाळी पाणी आलं की पिंप भरायचं आणि मग स्वयंपाकघराचं दार लोटून खिडकीशी बसायचं, हा तिचा नेम झाला. दारामागून तिचा आवाज यायचा, आधी हलका आणि भराभर, मग मोकळा. हॉलमध्ये आजारी माणसांसाठी प्रार्थना करायला तिला पुढे बोलावू लागले. पुढच्या रांगेत खुर्चीही देऊ केली. ती बसली नाही, पण देऊ केली हे तिने आम्हाला दोनदा सांगितलं. प्रसूतिगृहात तीस वर्षं ती भिंतीला लागून उभी राहिली होती.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. भाषाशास्त्राचा एक पेपर होता. सरांनी काम दिलं की घरातलं खरंखुरं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्यातला एकेक ध्वनी जसा ऐकू येतो तसा लिहून काढायचा. मी बाबांचं बोलणं घेऊ शकले असते. भाजीवाल्या काकांचं घेऊ शकले असते. मला आत्याची प्रार्थना सुचली. वेगळं काहीतरी होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं होतं की त्या वर्गात मी तोवर तोंडच उघडलं नव्हतं. बाकीची मुलं सरांशी इंग्रजीतून बोलायची, त्यांच्या आईवडिलांच्या शिक्षणाच्या गोष्टी निघायच्या. सरांनी एकदा तरी माझी वही उचलून बघावी, असं मला वाटत होतं.

गॅलरीतून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर हात पोचतो. तिथं तुळशीच्या डब्यामागे मी फोन ठेवला. आत्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. इअरफोन लावून, वेग कमी करून मी लिहायला बसले. बेऔट्सा, तीनौट्साडेधा, चोकौच्चौ. चौथ्या तुकड्याला माझा हात कानाच्या पुढे गेला. पुढे काय येणार ते मला ऐकायच्या आधीच माहीत होतं. पाच औट साडेसतरा. सक औट एकवीस.

मला हसू आलं. हे लपवत नाही. उशीत तोंड घालून हसले.

तेवढाच भाग मी स्वच्छ अक्षरात लिहून काढला. एक्केचाळीस सेकंद. त्याखाली गुजरातीत लिहिलं की माणूस अर्थाशिवाय बोलायला लागतो तेव्हा लहानपणी पाठ केलेलं वर येतं. उरलेल्या पाच मिनिटांपुढे एकच शब्द लिहिला, अस्पष्ट. सरांना ते फार आवडलं. त्यांनी लाल शाईने शेरा दिला आणि वही वर्गात वाचून दाखवली. मुलं हसली, पण मला नाही. या वेळी ती माझ्या बाजूने हसत होती.

सरांनी विचारलं, "कोण आहेत या बाई?"

मी म्हटलं, "ओळखीच्या आहेत एक."

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "त्या कॉलेजात शिकवतात तरी काय तुला?" दोन वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. आत्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी वही आणली, लाल शेरा दाखवला. शेरा इंग्रजीत होता, बाबांना वाचता आला नाही. त्यांनी वही उलटसुलट केली आणि परत दिली. मग मी फोन काढला आणि म्हटलं, "आत्या प्रार्थनेत जे बोलते ना, ते हे आहे."

पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. मी वेग आणखी कमी केला. घास हातात तसाच ठेवून त्यांनी कान जवळ नेला आणि मग त्यांना असं हसू फुटलं की ठसका लागला.

"औटकी! अगं, ही तर औटकी! नऊ वर्षं वाट बघितली आणि आली काय, औटकी!" गुजरातीत या पाढ्याला ऊठां म्हणतात. बाबा डोळे पुसत म्हणाले, "तिथं एखादा म्हातारा गुजराती मास्तर बसला असता ना, तर त्यानं पुढचं ऊठां म्हणून दाखवलं असतं!" आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सार्थक झालं बाई तुला कॉलेजला घातल्याचं."

ती थाप मला अजून आठवते. मला ती फार बरी वाटली होती.

मग मी वर बघितलं. आत्या दारात उभी होती, हातात कपड्यांचा ढीग. फोन चालूच होता. तिचाच आवाज, संथ केलेला, जाडा झालेला, म्हणत होता, आठी औट अठ्ठावीस.

तिने कपडे खाटेवर ठेवले आणि घड्या घालायला लागली. बाबा म्हणाले, "आक्का, थट्टा केली गं." माझी ओढणी, बाबांची बनियन, टॉवेल, सगळ्याच्या घड्या झाल्यावर तिने मला विचारलं,

"हे कधी घेतलंस?"

"मागच्या महिन्यात."

"कुणाकुणाला ऐकवलंस?"

"बाबांनाच."

वही जमिनीवर उघडी पडली होती. आत्याला गुजराती वाचता येतं. तिने वाकून वाचलं. बोलणारी व्यक्ती: स्त्री, वय पासष्ट, शिक्षण चौथी. शेजारी सरांची लाल शाई.

"चौथी पास लिही," ती म्हणाली. "नुसतं चौथी नको."

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, पिंप भरलं, आणि स्वयंपाकघराचं दार उघडंच राहिलं. आत्या खिडकीशी बसली होती, मांडीवर हात ठेवून. आवाज नव्हता. पुढच्या दिवशीही नव्हता. फोन आता त्या कट्ट्यावर नाही हे तिला दिसावं म्हणून मी तो टीव्हीजवळ ठेवायला लागले. त्याने काही झालं नाही. मांजलपूरला ती पुन्हा टाळ्या वाजवू लागली. आजारी माणसांसाठी पुढे बोलावलं तर मान हलवायची. पास्टरनी विचारलं, "मासी, शुं थयुं?" काय झालं? ती म्हणाली, "गयुं." गेलं. पास्टर तसे साधे आणि मायाळू आहेत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, घरात काही झालंय का. मी म्हटलं, "ना."

दोन आठवड्यांनी बाबा गाडीला किक मारता मारता म्हणाले, "तू ते ऐकवायला नको होतंस." तुम्ही हसलात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ऐकवलं मी होतं. बाबांनी डेपोची थट्टा त्यानंतर पुन्हा केली नाही.

मग मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकायचं ठरवलं. पुसण्याआधी एकदा पूर्ण ऐकावं असं वाटलं, आणि तेव्हा लक्षात आलं की मी ते पूर्ण कधी ऐकलंच नव्हतं. पाढा सापडला तिथं मी थांबले होते. पाढा एक्केचाळीस सेकंदांत संपतो. दाहे औट पस्तीसनंतर आत्या एक श्वास घेते. पुढची पाच मिनिटं काय आहे ते मला सांगता येत नाही. पाढा नाही, मराठी नाही, गुजराती नाही, तिने लहानपणी ऐकवलेलं कुठलंही गाणं नाही. वेग कमी करून ऐकलं, वाढवून ऐकलं, चार वेळा ऐकलं. वहीत मी अस्पष्ट लिहिलं होतं, आणि ते अस्पष्ट अजिबात नव्हतं. एकेक ध्वनी स्वच्छ होता. फक्त मला कळत नव्हता.

पास्टर म्हणतात तेच ते होतं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला लागतो तो विश्वास माझ्याकडे आहे की नाही, मला माहीत नाही. सरांना विचारलं असतं तर त्यांनी त्याचंही काही स्पष्टीकरण दिलं असतं, आणि कदाचित ते बरोबरही असतं. पण सहा मिनिटांतला सुरुवातीचा तुकडा कापून मी बाबांना म्हटलं होतं की आत्या जे बोलते ते हे आहे. ते खोटं होतं, आणि मला ते तपासावंसंही वाटलं नव्हतं.

आत्या कोथिंबीर निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आत्या, ती सगळी औटकी नव्हती. पुढं वेगळंच काहीतरी आहे. मी आज ऐकलं."

"मला सांगतेस?"

ती पिवळी पानं बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "औटकी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तिने पुढची काडी उचलली.

"पास्टर म्हणाले, येईल ते बोला. मला काय येणार? बाकीच्या बायांना गीतं पाठ, शास्त्र पाठ. माझ्या डोक्यात पाढे. तेच बोलले. देवाला काय, त्याला औटकी येत नसेल?" ती जराशी हसली, आणि ते हसू लगेच गेलं. "पस्तीस झालं की पाढा संपतो. पण थांबू नका म्हणाले होते, म्हणून मी थांबले नाही. मग पुढचं आलं. रोज तसंच यायचं. पस्तीसच्या पुढं."

"मग आताही म्हण ना. मी घरात थांबणार नाही. फोन घेऊन खाली जाईन."

"म्हणून बघते मी. मनात म्हणते." तिने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "आधी बे औट म्हटलं की ते नुसतं तोंडात फिरायचं. आता बे औट म्हटलं की सात येतं. हिशोबाचं सात. आणि तुझ्या बापाचं हसणं ऐकू येतं. पस्तीसपर्यंत पोचतच नाही."

"माझं चुकलं, आत्या. आणि मी वर्गातही ऐकवलं... म्हणजे सरांनी वाचलं. तुला खोटं सांगितलं मी."

"हो," ती म्हणाली.

नेहमी मी माफी मागितली की ती म्हणते, जाऊ दे, पोर आहेस. या वेळी तिने तेवढंच म्हटलं. जुडीतली अर्धी कोथिंबीर माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघी निवडत बसलो.

उठताना मी विचारलं, "पुसून टाकू ते फोनमधलं?"

तिने पिवळी पानं मुठीत गोळा केली. "त्यात ते पुढचं पण आहे ना?"

"आहे."

"मग राहू दे. पण कुणी ऐकायचं नाही. तू पण नाही."

त्यामुळे ते अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी त्याला हात लावत नाही. नवीन फोन घ्यायची वेळ आली तर काय करायचं, याचा विचार मी करून ठेवलेला नाही.

आता रोज सकाळी पिंप भरलं की मी फोन उचलते, आत्याला दिसेल असा हातात धरते आणि खाली सोसायटीच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. पहिले काही दिवस एकटीच होते. मग बाबाही दुधाची पिशवी घेऊन त्याच वेळी उतरायला लागले. दूध दोन मिनिटांत मिळतं. तरी ते पिशवी हातात धरून माझ्याशेजारी वीस मिनिटं उभे राहतात. तिसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी बंद असते.

परवा त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, "तुला काय वाटतं? चालू आहे की बंद?"

थट्टेचेच जुने शब्द होते, पण ते थट्टा करत नव्हते. मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाबा." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

वर गेलो की आत्या विचारते, "आलात? चहा ठेवते." दूध घ्यायला ती वळते तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघते. आज कुठपर्यंत पोचली असेल, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, याचा अंदाज घेते. विचारत मात्र नाही.